साबणाची बत्तीशी

माझे नातजावई कवळ्या करतात. डॉक्टर माप घेतात आणि तोंडात बसतील असे दात मागच्या कारखान्यात हे घडवतात. गावी अकरा वर्षं त्यांनी तेच केलं. मग नातीला परदेशात पुलांचे नकाशे काढायची नोकरी लागली, आणि हे तिच्यामागोमाग गेले. तिच्या कागदावर लिहिलेलं, काम करू शकते. यांच्या कागदावर, हिचा नवरा. काम करता येणार नाही. अशी चार वर्षं गेली.

मी पणतीला सांभाळायला म्हणून गेले, तर तिथे माझ्याआधी हेच कंबर कसून उभे. दुपटी धुवायची, स्वयंपाक करायचा, लेकीला थोपटायचं. माझी खालची कवळी सैल झाली होती, बोलताना टकटक वाजायची. म्हटलं, "जावईबापू, जरा घट्ट करून द्या ना ही."

"नको आजी. परवानगी नाही."

"अहो, घरच्या म्हातारीची कवळी!"

"आज तुमची, उद्या शेजारणीची. कुणी चुगली केली की हिची नोकरी जायची."

"आणि सकाळपासून राबताय ते?"

"ते कामात धरत नाहीत. तुम्हाला कुणी कधी पगार दिला का?"

साठ वर्षांचा माझा संसार त्यांनी एका वाक्यात आटोपला.

त्या घरात साबण टिकत नसे. नातीला टोकलं तर तिनं कपाटातला डबा उघडून दाखवला. आत साबणाचे दात! दाढा, सुळे, एकेकावर खाचा, उंचवटे, अगदी खऱ्यासारखे.

"हात आखडला की संपलं, आजी," जावई ओशाळून म्हणाले. "दात कोरायचं मेण आणलं तर कुणी विचारेल, कशाला. साबणाला कोण विचारतंय?"

परवानगीचा अर्ज केला होता, पण दोन कारखान्यांनी आधीच तोंडावर सांगितलं होतं, चार वर्षं रिकामा हात आम्ही कसा घ्यावा? त्याचाच त्यांनी धसका घेतला होता.

एका मंगळवारी घंटा वाजली. जावयांनी खिडकीतून पाहिलं, गणवेशातला माणूस. झालं! डबा उचलला, बादलीत रिकामा केला, वरून कढत पाणी. एकतीस दात झाले होते, एक अक्कलदाढ तेवढी राहिली होती.

मी दार उघडलं. पोस्टमन सहीसाठी उभा होता. पाकिटात कागद. जावयांनी तो दोनदा वाचला.

"आजी, परवानगी आली."

मी बादलीत डोकावले. नुसता फेस. इतकी हसले की कवळी निसटून ओच्यात पडली. त्याच फेसात पणतीची दुपटी बुडवली, एकदम लख्ख निघाली.

पण आता दाखवायला हातात काहीच नाही. तिसऱ्या कारखान्यात बोलावणं आलं, तेव्हा मी बाबागाडी घेऊन बाहेर बाकावर बसले. काचेतून दिसत होतं. मालकीणबाईंनी मेणाचा गोळा आणि सुरी पुढे ठेवली. खालची दाढ करा, वेळ अर्धा तास, असं म्हणाल्याचं मला मागाहून कळलं. माझा जीव टांगणीला. जावई मान खाली घालून कोरत राहिले, भिंतीवरच्या दातांच्या नमुन्याकडे एकदाही वर पाहिलं नाही. बाईंनी दाढ उलटसुलट केली, खाचेतून नख फिरवलं, आतल्या दुसऱ्या माणसाला हाक मारली. दोघं हसले तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

बाहेर येऊन जावयांनी बाबागाडीचा दांडा धरला. हात थरथरत होता.

"आत नाही थरथरला?"

"आत कामात होतो ना, आजी. सोमवारपासून या म्हणाल्या."

पुढच्याच आठवड्यात बाईंना विचारून त्यांनी माझी कवळी कारखान्यात नेली. दिवसभर मी बोळकं मिटून बसले. संध्याकाळी त्यांनी ती हलक्या हातानं बसवली. बोटांना मेणाचा वास येत होता. मी सफरचंदाचा कचकन लचका तोडला. कवळी जागची हलली नाही, आणि सकाळपासून साठलेलं सगळं एकदमच बोलायला लागले.

"अरे, आणखी एक दिवस ठेवून घ्यायचीस की," नात नवऱ्याला म्हणाली.