अड्यारचा आपटा

चेन्नईत सगळं मिळालं, दसऱ्याला आपट्याची पानं तेवढी मिळाली नाहीत. दर वर्षी कडुनिंबाची डहाळी पुढे करून ‘सोनं घ्या’ म्हणताना मला लोकांना फसवल्यासारखं वाटायचं. म्हणून भावाने साताऱ्याहून पाठवलेल्या शेंगांतलं बी मी अड्यारच्या आमच्या इमारतीमागे लावलं. दोन रोपं तगली. दोन्हींची पानं मधोमध दुभंगलेली. पण एकाची तळहाताएवढी, दुसऱ्याची जेमतेम रुपयाएवढी. सोनं म्हटलं की नजर आधी आकारावर जाते. बारकं रोप मी उपटलं.

शेजारच्या काकू तंजावरच्या मराठी, निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, “अय्यो, हें टाकूं नका हो. तुम्हास कोण सांगिटलं—”

“कोणी सांगितलं म्हणावं, काकू,” मी म्हणालो. त्यांचं मराठी सुधारायचा मला नादच होता.

चार वर्षांत झाड गच्चीकडे निघालं. यंदा मी छाती फुगवून बँकेतली, रेल्वेतली, शोळिंगनल्लूरच्या आयटी कंपन्यांतली सगळी मराठी मंडळी बोलावली. घरच्या झाडाचं खरं सोनं! बायको म्हणाली, “आधी कोणाला तरी दाखवा.” आपटा ओळखायला मला दुसरं कोणी हवं?

दसऱ्याच्या चार दिवस आधी झाड फुललं. मोठी, जांभळट गुलाबी फुलं. आपट्याचं फूल बारीक, फिकट असतं एवढं मलाही आठवत होतं.

“कांचन तो,” बायको म्हणाली. “घाला अजून पाणी.”

निमंत्रणं गेली होती. भर सणाला पंचवीस माणसांसमोर हसं होणार, या विचाराने मला जेवण जाईना. दसऱ्याच्या सकाळी काकूंनी हाक मारली आणि त्यांच्या बाजूला, पाण्याच्या टाकीमागे नेलं. तिथे पुरुषभर उंचीचं, वाकडंतिकडं, बारक्या जाड पानांचं झाड उभं होतं. माझंच, उपटलेलं.

“काकू, तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगायला आलें की. तुम्ही माझं मराठी नीट करत बसलांत.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पहिलं पान तोडून मी त्यांच्याच हातात ठेवलं, वाकून नमस्कार केला.

“सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.”

“राहतें,” काकू म्हणाल्या. “बोलूं कसं, तेंही सांगा.”