हलकं घेऊ की जड?

माझा सख्खा थोरला भाऊ गेल्या हिवाळ्यात महिनाभर माझ्या हातून मरायची तयारी करत होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी त्या महिन्यात पिस्तुलाची मूठ लाकडी असावी की प्लास्टिकची, या विचारात होतो.

दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन मी जळगावला राहायला आलो आणि घरी बसून बायकोला फोडणी कधी द्यावी हे सांगू लागलो. तिनं थोडे दिवस सोसलं, मग म्हणाली, "अहो, कुठंतरी जात जा. कुठंही!" म्हणून मी शहराबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागलो. स्पर्धेसाठी नाही (या वयात पदक मिळालं तरी दाखवणार कुणाला?). समोर कागद, हातात पॉइंट टू-टूचं छोटंसं पिस्तूल, फट् असा आवाज, की डोक्यातली सगळी भुणभुण बंद.

क्लबात तसली दोन पिस्तुलं होती. एक हलकं, आखूड नळीचं. ते धरून हात दुखत नसे, पण नळी लग्नातल्या बॅन्डवाल्यासारखी डुलत राही. दुसरं जड, लांब नळीचं, लाकडी मुठीचं. ते डुलत नसे, पण थोड्याच वेळात खांद्यातून कळ निघे. स्वतःचं घ्यायचं तर परवाना हवा, आणि त्याआधी यातलं कुठल्या प्रकारचं घ्यायचं ते ठरायला हवं. तिथं शिकवणारे सर म्हणाले, "घरच्यांशी बोला एकदा." त्यांना बहुधा बायको म्हणायचं होतं. मी अख्ख्या खानदानाला विचारलं!

आमच्या भाऊबंदांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर मी दोन्ही पिस्तुलांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "यातलं कोणतं घेऊ? हलकं की जड? जवळूनच मारायचंय."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावी, पहूरला, माझं आणि नानाचं, म्हणजे या थोरल्या भावाचं, शेत लागून आहे. नानाची केळी, माझ्याकडे बटाईदाराचा कापूस. नानाच्या केळीची शेवटची ओळ बांध ओलांडून माझ्या हद्दीत उभी, असं माझं म्हणणं. बांधच वाकडा, असं नानाचं. त्यावरून वर्षापूर्वी आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि बोलणं बंद पडलं. त्या रागात मी ग्रुपवर लिहिलं होतं, "आता बांधाचं काय करायचं ते मीच बघतो." त्यानंतर ग्रुपवर मी तोंड उघडलं ते थेट या पिस्तुलांसाठी. म्हणजे माझ्या नावानं शोधलं तर वर धमकी आणि खाली हत्यारं!

ज्या ग्रुपवर कुणाची म्हैस व्याली तरी टाळ्यांचा पाऊस पडतो, तिथं शुकशुकाट. कुणीही हलकं म्हणेना की जड. सोनगीरच्या आत्यानं तेवढा फोन केला.

"भाऊ, देव बठ्ठं देखस रे!" ती म्हणाली आणि रडू लागली.

मला वाटलं, वय झालं आत्याचं. "हो आत्या, देव सगळं बघतो," असं म्हणून मी फोन ठेवला आणि परवान्याचा अर्ज भरून टाकला.

मग चौकशीला पोलीस पहूरला गेले. "यांचं गावात कुणाशी वैर?" हे त्यांनी विचारावं कुणाला? नानाला!

"वैर? त्याचं?" नाना म्हणाला. "अहो साहेब, देवमानूस हाये तो." वर त्यांना चहा पाजला. (हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी चाटच पडलो असतो, कारण नानानं आयुष्यात माझं कौतुक केलेलं नाही.)

त्याच आठवड्यात नानाचा फोन आला. वर्षभरानंतर! आवाज खोल गेलेला. "सुभाष, बांध मोकया केला तुह्या मनासारखा. येऊन पाहून जाय."

भावाला उपरती झाली, या आनंदात मी पेढे घेतले आणि पहूर गाठलं. शेतात जाऊन पाहतो तर केळीची ती ओळच नाही. घड लागलेली झाडं बुंध्यापासून तोडलेली, हिरवे घड तसेच मातीत पडलेले. थोड्याच दिवसांत कापणीला आली असती ती. मला ते पाहवेना. भांडताना मला ती ओळ नको होती, मला फक्त नानाचं चुकलं असं नानाच्या तोंडून ऐकायचं होतं.

घरी गेलो तर नाना भिंतीला पाठ लावून बसलेला. दाढी वाढलेली, डोळे माझ्या पिशवीवर.

"पिशवीत काय हाये?"

"दाखवतो की!" मी हसत म्हटलं आणि पिशवीत हात घातला.

वहिनी किंचाळली! नानाच्या पुढ्यात आडवी उभी राहिली आणि माझ्यासमोर पदर पसरला. "भाऊजी, बांधावरची सारी केयी तोडली हो त्याह्यनं! आता काय पाह्यजे तुमाले? माह्या कुकवाले हात नका लावू!"

माझा हात पिशवीत, हातात पेढ्यांचा पुडा, आणि तो बाहेर काढावा की नको तेच सुचेना. या वहिनीनं मला लहानपणी न्हाऊ घातलं होतं. शेवटी मी पुडा जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. पेढे बघूनही तिला धीर यायला बराच वेळ लागला.

मी शपथा घेतल्या, कागदाचं लक्ष्य समजावलं, सगळं केलं. नाना नुसता "हौ, हौ" म्हणत राहिला. मग मीच म्हटलं, "चल जळगावला, डोळ्यांनी बघ." तो निघाला खरा, पण गाडीत मागं बसला. पुढं ये म्हटलं तर म्हणाला, "नही, मागंच बरं."

क्लबात तो खांबाआड उभा राहिला, कानात बोटं घालून. मी आधी हलक्या पिस्तुलानं मारलं, मग जड पिस्तुलानं. कागद जसाच्या तसा कोरा! सर म्हणाले, "आज जरा वारा आहे." (आम्ही बंद हॉलमध्ये होतो.) नाना हळूहळू खांबाआडून बाहेर आला. गोळीबार थांबल्यावर सरांनी तो कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला.

"सुभाष, हा परत वापरता येईन."

"ते राहू दे. हलकं घेऊ की जड?"

नानानं दोन्हींकडे नीट निरखून पाहिलं. "जड घे. लागलं नही त फेकून तरी मारता येईन!"

आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हसू थांबलं, पाणी थांबेना. मी त्याला बाकावर बसवलं.

"नाना, तुला खरंच वाटलं होतं, मी तुला मारीन?"

"वाटलं."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? परवाना भेटला नसता त कुऱ्हाड घेऊन आला असता तू."

"अरे, मग मला तरी एकदा विचारायचंस!"

"इचारलं असतं. अन् तू हौ म्हनला असता त?"

वर्षभर न बोललेल्या भावाला कुणी काय विचारावं? मी त्याच्या शेजारी बसलो. सरांनी चहा आणला, त्यातला एक पेला मी त्याच्या हातात दिला.

हे झालं, आणि आमचं बोलणं सुरू झालं. नाना आता रोज फोन करतो, तब्येत विचारतो, नेमाची तर आवर्जून चौकशी करतो. परवा शेतात गेलो. तोडलेल्या ओळीच्या जागी नानानं केळीचे नवे कंद लावले होते. आणि त्याच्याही अलीकडे, माझ्या कापसात घुसून, आणखी एक ओळ!

बायको भडकली. "अहो, गप्प काय बसता? जरा दम भरा त्यांना!"

कशाच्या जोरावर भरू? सगळ्या भाऊबंदांत माझा नेम पाहिलेला तो एकटाच आहे!