अंगणातला नारळ

मुलांनो, मंडईजवळच्या आपल्या घराला लागून तीन मजली इमारत बांधणारे गृहस्थ रोज चहाला येतात. बोलताना त्यांची नजर माझ्याकडे नसते, आपल्या अंगणावरून फिरत असते.

"काकू, जागा द्या, वर दोन फ्लॅट घ्या. हवा लय भारी हाय!"

मी दर वेळी नाही म्हणते, ते दर वेळी हसतात.

परवा सकाळी ते भटजींना घेऊन आले आणि आपल्याच अंगणात नारळ फोडून भूमिपूजन करू लागले.

"मी हो कधी म्हटलं?"

"देवाचं काम हाय, काकू. परसादाला न्हाय म्हणू नये."

तो घेतला असता, तर दुपारपर्यंत बारामतीभर माझा होकार पोचला असता. मी हात पाठीमागे घेतले.

आता फाटकाला आतून कुलूप असतं. चहा अजूनही देते, पण कुंपणावरून.