डक्टचा ड्रॅगन

सौदीत पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे इथे दोन गोष्टी साठतात, धूळ आणि किस्से. वाहून काहीच जात नाही. धूळ मी अधूनमधून पुसते (नवऱ्याच्या मते फारच अधूनमधून!). किस्से मात्र शुक्रवारच्या जेवणाला आमच्याकडे बसून वाढतच जातात. ह्या वर्षीचे सगळे एकाच ड्रॅगनचे आहेत.

सुरुवात लेकीपासून. सानिका, वय वर्षे चौदा. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, इंग्रजीत विचारलं की खांदे उडवते. दम्मामहून आम्ही राबिघच्या ह्या कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या बंदिस्त वसाहतीत, आलो आणि तिच्या मैत्रिणी तिकडेच राहिल्या. इथे एकही नाही. म्हणून दिवसभर जपानी ॲनिमेशन. म्हटलं, बघू तरी काय आहे, आणि सोफ्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर एक लांबलचक प्राणी तळ्यातून वर येत होता.

"हा कोण गं?"

"ड्रॅगन स्पिरिट, मम्मा. तळं गार्ड करतो."

"पंख कुठायत?"

"जॅपनीज ड्रॅगनला नसतात."

"आणि आग?"

"नो! ही इज वॉटर!"

म्हणजे पाण्यात राहतो, गाव राखतो, भल्या थोरल्या मिशा, मान दिला नाही की रुसतो आणि रुसला की पाऊस अडवून ठेवतो. मी म्हटलं, "अगं, हा कसला ड्रॅगन? हे तर तुझे सावंतवाडीचे आजोबा!"

त्या दिवसापासून सोफ्यावरची माझी जागा गेली.

*

शुक्रवारी जेवायला नेहमीची मंडळी होती. शेजारच्या रेहाना भाभी, मूळच्या रत्नागिरीच्या. तावडेकाका, मालवणचे, एसी डक्टचे फोरमन. कामगारांच्या कॅम्पवर एकटेच राहतात, म्हणून शुक्रवारी आमच्याकडे सोलकढी प्यायला येतात. आणि महेशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या प्लांटमधले नाकामुरा सान.

मी नाकामुरांना विचारलं, "हा तुमचा ड्रॅगन आमच्या कोकणातल्या गावच्या राखणदारासारखा कसा काय हो?"

माणूस गंभीर. चमचा खाली ठेवून म्हणाला, "ड्रॅगन आमच्याकडे चीनमधून आला. पण बौद्ध धर्माबरोबर तुमच्याकडचे नागही आले, पाण्याचे राजे. मग दोघे एकमेकांत मिसळले."

तावडेकाकांचे डोळे चमकले. "म्हणजे आमचोच माणूस! व्हिसा कोणी काढल्यान?"

महेशने इंग्रजीत सांगितलं. नाकामुरांनी नीट विचार केला. "भिक्खूंनी."

"एजंट बरो गावलो! मिशांसकट पोचवल्यान!"

मग नाकामुरा म्हणाले, आजीच्या गावात पाऊस लांबला की लोक गवताचा ड्रॅगन बांधायचे, वाजतगाजत तळ्यावर न्यायचे आणि पाऊस मागायचे. सानिकाने फोन खाली ठेवला. (हाच खरा चमत्कार!) "कंपाउंडच्या कल्चर डेला आपण करू या? वर्गातल्या चार मुली म्हणाल्यात, मी काही केलं तर त्या येतील."

चार मुली! त्या चौघींसाठी मी खरा ड्रॅगनसुद्धा पकडून आणला असता.

*

राबिघमध्ये भाताचा पेंढा कुठून आणायचा? शेवटी बकऱ्यांच्या बाजारातून सुका चारा आणला. सांगाडा तावडेकाकांनी कॅम्पवर केला, भंगारातल्या फ्लेक्सिबल डक्टचा, म्हणजे एसीची हवा नेणाऱ्या लवचीक नळीचा. वळतो, लांबतो, आकसतो. काका म्हणाले, "इतको गुणी ड्रॅगन जपानातय नाय. येका बाजून एसी लावलात तर थंड हवा पण देतलो!"

मिशांसाठी मी घरातली नवीन केरसुणी दिली. नाकामुरा बराच वेळ त्या मिशांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझे आजोबा."

*

तयार ड्रॅगन महेश आणि तावडेकाका पिकअपमधून घेऊन निघाले. मागून मान बाहेर, मिशा वाऱ्यावर. पोलिसाने थांबवलंच!

"हे काय?"

महेशचं अरबी पेट्रोल पंपापुरतं. तो घामाघूम होऊन म्हणाला, "हादा... मोया... मुदीर." म्हणजे हा पाण्याचा मॅनेजर!

पोलिसाने मागे जाऊन ड्रॅगनला खालीवर बघितलं. "इकामा?"

महेशने खिसे चाचपले. माझा नवरा ड्रॅगनचं रेसिडेन्स कार्ड शोधत होता!

पोलीस खो खो हसत सुटला. त्याची मुलगीही हेच कार्टून बघायची. त्याने मिशीला हात लावून सेल्फी काढला आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "खरंच पाऊस पाडतो?"

"म्हणतात तसं."

"मग जेद्दाकडे नेऊ नका हां. माझं घर तिकडे सखल भागात आहे. यल्ला, निघा!"

*

कल्चर डेच्या दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं. राबिघमध्ये! आमचे कंपाउंड मॅनेजर अशरफ, इजिप्तचे, धावत स्टेजमागे आले.

"मॅडम, ऐकलंय हे पाऊस पाडायचं मशीन आहे. माझे गालिचे उघड्यावर आहेत. हे स्टेजवर जाणार नाही!"

"अहो, गवत आहे ते."

"मग आभाळात काय आहे?"

सानिकाचा चेहरा पडला. त्या चार मुली शेपटी धरून उभ्या होत्या. आता सोडावी की धरावी, त्यांना कळेना. तावडेकाकांनी टोपी सरळ केली. "थांबा. पाऊस मागूक येता, तसो नको म्हणून सांगूक पण येता. गाऱ्हाणा घालतंय."

मालवणात काही अडलं की देवासमोर उभं राहून एकजण मोठ्याने सांगतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. रेहाना भाभींनी आधीच बजावलं, "मी नुसतं 'व्हय' म्हणते हां. म्हाराजाचं तुम्ही बघा."

"बा म्हाराजा! ही पोरा तुझ्यासमोर उभी रवली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या खेळात पाणी घालू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या अशरफाक जरा बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज अशरफचा होता.

ढग पुढे गेले. ड्रॅगन स्टेजवर गेला. चारच्या नऊ मुली झाल्या, आणि ड्रॅगन स्टोअररूममध्ये राहायला गेला. मुली रोज संध्याकाळी त्याला भेटायला जायच्या. आमच्याकडे कुणी नाराज झालं की सानिका त्याला चक्क मराठीत "व्हय म्हाराजा" म्हणायला लागली.

*

आणि मग हेड ऑफिसचं इन्स्पेक्शन ठरलं, रविवारी सकाळी. स्विमिंग पूलच्या फरश्या उखडलेल्या, जिम बंद. शनिवारी संध्याकाळी अशरफनी निरोप पाठवला की स्टोअरमधलं सुकं गवत म्हणजे आगीचा धोका, आजच्या आज फेका. नऊ मुली दारात रडवेल्या होऊन उभ्या. मी, भाभी, काका, नाकामुरा, सगळे धावलो. अशरफ कचऱ्याची ट्रॉली घेऊन आले आणि ड्रॅगनसमोर नुसतेच उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, हा उलटाही चालतो?"

"उलटा म्हणजे?"

"त्या दिवशी थांबवला. उद्या थोडा पाडेल? इन्स्पेक्शन तरी टळेल."

सानिका पुढे झाली. "फेकल्यावर कोण पाडणार, अंकल?"

नाकामुरा म्हणाले, "विनंतीने नाही ऐकलं तर गावकरी मुद्दाम त्याचा अपमान करायचे. तळ्यात घाण टाकायचे. तो चिडून पाऊस पाडायचा."

"आमच्या ह्यांच्यासारखंच!" भाभी म्हणाल्या. "लाडानं सांगितलं की कूस बदलतात."

अशरफनी ट्रॉली बाहेर ढकलली. टाय सैल केला. "लेडीज, मुली, सगळे बाहेर."

दार लागलं. आधी हळू आवाज, मग मोठा, मग असा की पलीकडच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. बऱ्याच वेळाने अशरफ घाम पुसत बाहेर पडले. चेहरा एकदम प्रसन्न!

"एवढं काय बोललात हो त्याला?"

"जे उद्या बॉसला बोलता येणार नाही ते."

रविवारी सकाळी दारावरची बेल थांबेचना. उघडलं तर अशरफ नखशिखान्त भिजलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात.

"इन्स्पेक्शनवाले अर्ध्या रस्त्यातून परत गेले. ड्रॅगन राहील, वल्ला, देवाशपथ कायम राहील! पण मॅडम, माझ्या ऑफिसात पाणी शिरलंय. सानिकाला उठवा आणि आता बंद करायला सांगा!"