बत्त्याचे तीन ठोके

माझा आवाज मोठा आहे, असं सगळी गल्ली म्हणते. एकोणीस वर्षं पाळणाघर चालवलं की कोणाचाही होतो. पण नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरपुढे माझंही काही चालत नाही. मुलांची खोली वरच्या मजल्यावर, खिडकीत भला मोठा लोखंडी कूलर. तो सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसालाही एक गोष्ट दोनदा सांगावी लागते. म्हणून मी एक युक्ती काढली होती. घर जुनं, वरची जमीन लाकडी फळ्यांची. जेवायची वेळ झाली की दारात उभं राहायचं आणि खलातला लोखंडी बत्ता फळीवर तीनदा आपटायचा. तिसऱ्या ठोक्याला सगळे पोट्टे हातातलं टाकून ताटापाशी हजर. उन्हाळा सरला, कूलरवर गोणपाट चढलं, तरी माझा बत्ता काही सुटला नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांना मी तो कौतुकाने दाखवत असे.

ज्याची ही गोष्ट, तो मुलगा माझ्याकडे आला तेव्हा सव्वा वर्षाचा होता. त्याची आई बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात कामाला. कंपनीची बस चुकली की दिवस गेला, म्हणून सकाळी ती त्याला अक्षरशः माझ्या हातात कोंबून पळायची. बाप ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. मुलगा गोड, गुटगुटीत, कोणाला त्रास नाही. बाकीची मुलं आई गेली की दहा मिनिटं भोंगा लावायची. हा तिच्या पाठीकडे बघत उभा राहायचा आणि ती जिना उतरून दिसेनाशी झाली की मुकाट्याने ठोकळ्यांकडे वळायचा. मी म्हणायची, किती शहाणं लेकरू आहे. बत्त्याचा ठोका पडला की सगळ्यांत आधी येणारा हाच.

दीड वर्षाचा झाला असेल. एका संध्याकाळी त्याची आई जिन्यात घोटाळत उभी राहिली. दुसऱ्या दोघी आयाही मुलं न्यायला आल्या होत्या. तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली. मुलाला लस टोचून आणायला गेली होती, तिथल्या डॉक्टरांनी कानाची तपासणी करून घ्या म्हणून लिहून दिलं होतं. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवसाची सुट्टी, म्हणून आधी मला विचारायला आली होती. दिवसभर तो माझ्याजवळच असायचा ना. तिने हळूच विचारलं, "काकू, याले ऐकू येते ना?"

मी हसले. नुसती हसले नाही, त्या दोघींकडे बघून हसले. मुलगा आमच्याकडे पाठ करून खेळत होता. मी कोपऱ्यातला बत्ता उचलला आणि तीन ठोके दिले. तो गर्रकन वळला आणि दुडुदुडु धावत आला. मी म्हटलं, "पाह्यलं का? माह्याहून चांगलं ऐकते तुह्यं पोट्टं. बोलन हळूहळू. तू उगीच जिवाले घोर लावून राहिली वं." त्या दोघीही हसल्या. तीही हसली, चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मुलाला कडेवर घेऊन गेली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

याला वर्ष उलटून गेलं. मुलगा पावणेतीन वर्षांचा झाला, पण तोंडातून शब्द नाही. मी सगळ्यांना सांगायची, काही मुलं उशिरा बोलतात. इतक्या वर्षांच्या अनुभवाचा माज होता मला, दुसरं काय!

त्याच सुमारास एक तरुण मुलगी वहीपेन घेऊन नावं नोंदवायला दारात आली. शहरातली पाळणाघरं, अंगणवाड्या, मुलांचे डॉक्टर, चालायला-बोलायला शिकवणारी केंद्रं, असं सगळ्यांचं मिळून एक जाळं तयार होत होतं. एखाद्या घराला लहान मुलासाठी कसली गरज लागली तर ती कुठे मिळेल हे त्या घराला शोधत बसावं लागू नये, जाळ्यातल्या कोणीही ते जोडून द्यावं. मी आधी नाक मुरडलं. मला कोण काय शिकवणार? पण दारावर लावायला त्या जाळ्याची पाटी मिळणार होती, आणि पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघराला ती मिळाली होती. खरं सांगते, मी त्या पाटीसाठी नाव दिलं.

नाव दिलं की एक दिवसाचं शिकणं होतं. आम्ही तीसेक बाया एका सभागृहात बसलो होतो. शिकवणारी माझ्या मुलीपेक्षाही लहान होती. दुपारच्या चहापर्यंत मी शेजारणीशी कुजबुजत तिची टिंगल केली. चहानंतर तिने ऐकण्याविषयी सांगायला घेतलं. मुलाच्या मागे उभं राहा, त्याला आपली सावलीही दिसू देऊ नका, आणि फक्त आवाज द्या. दार आपटू नका, जमिनीवर काही ठोकू नका. ज्याला ऐकू येत नाही त्यालाही हादरा कळतो, पायांतून कळतो, आणि तो वळतो. घरच्यांना वाटतं, ऐकलं. लाकडी जमीन असेल तर विचारूच नका, असं ती म्हणाली.

मला माझ्या खोलीतल्या फळ्या आठवल्या. पुढे ती काय बोलली ते मला आठवत नाही. 

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी मी बत्त्याला हात लावला नाही. तो मुलगा कापसाच्या गादीवर बसून ठोकळे रचत होता. मी चपला काढल्या, हलक्या पावलांनी दारात गेले आणि साऱ्यांना नावं घेऊन हाका मारल्या. याच्या नावाची हाक सगळ्यांत मोठ्याने, एकदा नाही, चारदा. मुलं गोंधळली, मग एकेक करून ताटांकडे आली. हा ठोकळे रचत राहिला. मी देवाला म्हटलं, एकदा मान वळव रे याची, एकदाच. थोड्या वेळाने त्याने सहज मागे पाहिलं, तर खोलीत कोणीच नव्हतं. तो घाबरून उठला आणि रडायला लागला. इतक्या महिन्यांत मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी बाकीचे सगळे जाईपर्यंत मी त्याच्या आईला थांबवून घेतलं. काय सांगायचं ते दिवसभर घोकलं होतं, तरी सांगताना सगळं मागेपुढे झालं. बत्ता, फळ्या, पाय, सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि मुलाचे केस बोटांनी मागे सारत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, उद्या कुठे जायचं? रजेचं नावही काढलं नाही.

जाळ्यातर्फे कोणाला पुढे पाठवायचं तर एक अर्ज भरावा लागे, आणि तो नाव दिलेल्या बाईने स्वतः लिहायचा. माझा पहिलाच अर्ज. मुलाचं वय, आईचं काम, सगळं भराभर लिहिलं. मग दोन प्रश्न आले. घरच्यांना पहिल्यांदा शंका कधी आली? आणि त्यानंतर तपासणीला उशीर का झाला? माझा पेन तिथेच अडला. शेजारी बसलेल्या त्याच्या आईने वाकून वाचलं आणि म्हणाली, काही लिहा, रजा भेटली नाही म्हणून लिहा. मी म्हटलं, खोटं कशाला लिहू, माझ्यामुळे झाला. मग ती माझ्याकडे न बघता बोलली.

"तुम्ही नुसतं जाऊ नको म्हणाल्या असत्या, तं तरी मी गेली असती काकू. डॉक्टरची चिठ्ठी होती माह्याजवळ. पण तुम्ही हसल्या. मंग मले लाज वाटली."

त्यात राग असता तर मी सहन केला असता. तिने तसं सांगितलं जसं ती रोज सांगायची, आज दूध प्यायला नाही, आज पोट बिघडलंय. मी त्या रकान्यात लिहिलं, पाळणाघरवालीने ऐकू येतं असं सांगितलं. 

औषधाने झोपवून त्याच्या कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच नाही, जन्मापासून. डॉक्टर चांगले होते, ओरडले नाहीत. कानांना मशीन लावू, शिकवू, तो बोलेल, पण किती बोलेल ते आता सांगता येत नाही म्हणाले. वर्षभर आधी आले असते तर, एवढं बोलून थांबले आणि कागद चाळायला लागले. तिने मान हलवली. मी भिंतीवरच्या चित्रातला रंगीत कान बघत बसले.

बोलायला शिकवणारं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे आईने रोज मुलासोबत बसायचं असतं. तिने कारखाना सोडला. म्हणजे पाळणाघरही सुटलंच. शेवटच्या दिवशी ती त्याचे कपडे आणि वाटी-चमचा न्यायला आली. दोघांना वर पाठवलं आणि मी खाली स्वयंपाकघरात त्याच्यासाठी गोडाचा शिरा परतत होते. खरं तर मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं. बाकीची मुलं अंगणात होती. त्याच्या कानांत नवीन मशिनी होत्या. सवय नव्हती, तो सारखा ओढून काढायचा.

आणि डोक्यावर ठोके पडले. तीन. छताच्या फटीतून माती कढईजवळ सांडली. बत्ता मी त्या दिवसापासून कपाटामागे ढकलून ठेवला होता. कोणी उचलला म्हणून मी चिडून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

आई पिशवी बांधत होती. तो दोन्ही हातांनी बत्ता धरून दाराकडे तोंड करून उभा होता. कानांतल्या मशिनी गादीवर पडल्या होत्या. मी दिसले तशी त्याने बत्ता खाली ठेवला आणि हसून दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून. तो मला हाक मारत होता. माझ्या घरात तो एवढीच एक हाक मारायला शिकला होता.