लोकरीत अडकलेले हात

यांचा जुना स्वेटर उसवून, लोकर धुऊन वाळवून झाली होती. आता तिचा गुंडा करायचा होता. लडी मी खुर्चीच्या पाठीला अडकवली होती, पण खुर्ची काही माणसासारखे हात हलवत नाही. चार वेढे झाले की लोकर अडायची, मी उठायची, सोडवायची, परत बसायची. जेमतेम अर्धा गुंडा झाला असेल, तेवढ्यात माझी धाकटी नणंद कॉलेजातून आली. तिने पिशवी खाली ठेवली न ठेवली तोच मी म्हटलं, "हात पुढे कर." तिने केले. मी लडी तिच्या दोन्ही मनगटांवर चढवली आणि समोर बसले.

"वहिनी, निदान पाणी तरी पिऊ दे."

"गुंडा होऊ दे, मग पी. हात हलवू नकोस."

घरात तिला सगळे पट्टी म्हणतात. लहानपणापासून तिला वाकडं काही बघवत नाही. भिंतीवरचं चित्र, टेबलावरचं कापड, दारातल्या चपला, सगळं जाता जाता सरळ करणार. दुसऱ्याच्या घरी गेलो तर मी तिच्या शेजारीच बसते, म्हणजे वेळेवर चिमटा काढता येतो.

ती डिझायनर आहे आणि डिझाइन शिकवतेही. लग्न होऊन आले तेव्हा याचा अर्थ मला कळत नव्हता. नणंद चित्रं काढते, असं मी शेजारी सांगून मोकळी व्हायचे. एकदा ते तिच्या कानावर गेलं. तिने औषधाची बाटली माझ्या हातात दिली.

"उघड."

मी उघडली.

"उघडताना कसला विचार करावा लागला?"

"छे, झाकण उघडायला कसला विचार?"

"तो मी आधीच करून ठेवला होता," ती म्हणाली आणि बाटली घेऊन गेली.

ते झाकण तिचंच होतं. शिकून झाल्यावर ती नळ आणि दाराच्या मुठी बनवणाऱ्या कारखान्यात लागली होती. त्याच सुमारास सासूबाईंची बोटं सांधेदुखीने आखडली. रोज सकाळी त्या बाटलीशी झटायच्या आणि म्हणायच्या, "मला औषध प्यायचंय, कुस्ती नाही खेळायची." पट्टी कारखान्यातून आली की लाकडाची, मेणाची, प्लास्टिकची झाकणं त्यांच्यापुढे मांडायची. सासूबाई एकेक उघडून बघायच्या आणि बहुतेकांना नापास करायच्या. शेवटी एक पास झालं. ते एका औषध कंपनीने घेतलं. पट्टीने कारखाना सोडला आणि घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. तेव्हापासून त्या खोलीत कोणाच्या ना कोणाच्या किटलीची तोटी, नाही तर पेटीची कडी पडलेली असते. धूळ पुसायची तर आधी विचारावं लागतं.

कॉलेजात ती आठवड्यातून एक दुपार शिकवायला म्हणून गेली आणि तिथेच रमली. "घरी माझ्या कामाला मीच शाबासकी देते आणि मीच नाक मुरडते," ती म्हणायची. "तिथे नाक मुरडायला वर्गभर माणसं आहेत." हळूहळू एका दुपारचा पूर्ण आठवडा झाला. पण नेमणूक वर्षावर्षाचीच राहिली. या वर्षी ती जागा कायमची भरायची होती.

त्या दिवशी दारातल्या चपला तिने वाकड्याच राहू दिल्या होत्या, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. निम्मी लडी संपल्यावर बोलली.

"आमच्या मोठ्या मॅडमनी बोलावलं होतं."

मोठ्या मॅडम म्हणजे तिच्या विभागाच्या प्रमुख.

"काय म्हणाल्या?"

"गेल्या वर्षीच्या मुलांची कामं टेबलावर मांडून ठेवली होती. म्हणाल्या, सुंदर आहेत, पण मला सगळीकडे तुम्हीच दिसता. यातली मुलं कुठे आहेत?"

मला त्यात वाईट काय ते कळेना. गुरूसारखं काम शिष्याने केलं, तर चांगलंच की. तसं मी म्हटलंही.

"तसं नाही गं. ती कामं त्यांनी केलेलीच नाहीत. मूठ जरा बोजड दिसली की माझे हात शिवशिवतात. 'बघू दे जरा' म्हणते आणि पेन्सिल उचलते. दहा मिनिटांत मूठ सुरेख होते. पोरं खूश, मीही खूश. आणि ती मूठ माझी." लोकरीतले हात तिने जरा उचलले आणि परत खाली घेतले. "वर्षाअखेरच्या प्रदर्शनाला बाहेरून परीक्षक येणार आहेत. तेव्हाही असंच दिसलं तर जागा दुसऱ्या कोणाला तरी देतील. मॅडमनी स्पष्ट सांगितलं."

जागा गेली तर पुढे काय, ते मला विचारायची गरज नव्हती. तिचा जुना कारखाना आता दुसऱ्या गावी गेला होता. तिथे तिला एक अख्खा विभाग द्यायला ते तयार होते. म्हणजे कॉलेजातली जागा मिळाली तर ती घरात राहणार, नाही तर पुढची खोली रिकामी. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि गुंडाळत राहिले.

एवढ्यात हे पुठ्ठा आणि कात्री घेऊन टेबलाशी येऊन बसले. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला पाठवायचं होतं, त्यासाठी खोका करायचा होता. यांनी पहिलाच काप घातला आणि पट्टीच्या तोंडून "स्स" असा आवाज आला.

"दादा, असा नको कापूस. आण इकडे."

"हलू नकोस," मी म्हटलं. "लोकर गुंतेल."

"अगं, एकच काप आहे."

"तुला हात आहेत का आत्ता? नाहीत. तोंडाने सांग."

हे हसायला लागले. "देवाने आज माझी सुटका केली. बोल पट्टी, तोंडाने बोल."

ती सांगायला गेली आणि तिला सांगता येईना. "तिथून नाही, तिकडून. जरा आत. तसं नाही रे." हातांनी दाखवायची सवय. बोटं लोकरीतच वळवळत होती. हे मुद्दाम भलतीकडे कात्री नेत होते. मग तिने बोटं आवरली. घड्याळाकडे बघून तिने विचारलं, "दादा, दुकानदार खोका उघडेल तेव्हा घड्याळाला आधी कुठे हात लावेल?"

यांनी हसणं थांबवलं. घड्याळ उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं. "बाजूंनी. काचेला नाही लावणार."

"मग त्याच्या बोटांना जागा कुठे आहे?"

हे कापायला लागले. दोन्ही बाजूंना बोटं जातील अशा खाचा केल्या. एक मोठी झाली, एक लहान. घड्याळ आत बसलं आणि सहज बाहेरही आलं. यांनी ते दोन-तीनदा आतबाहेर करून बघितलं. चेहरा असा, जणू घड्याळच यांनी बनवलंय.

पट्टी त्या वाकड्या खाचांकडे बघत राहिली. "मी असं कधीच कापलं नसतं," ती म्हणाली. "पण काम होतंय."

गुंडा झाला तरी तिने हात खाली घेतले नाहीत. मग म्हणाली, "वहिनी, मला विणायला शिकव."

दुसऱ्या दिवसापासून ती सुया आणि तो करडा गुंडा घेऊन कॉलेजात जायला लागली. वर्गात टेबलाटेबलांमधून फिरायची ते विणत. पेन्सिल उचलायची तर आधी सुया ठेवायला हव्यात, आणि सुया ठेवल्या की टाका निसटतो, हे मीच तिच्या मनात भरवलं होतं. पहिल्या आठवड्यात मुलांना वाटलं, मॅडमना डॉक्टरांनी सांगितलंय. एका मुलीने तर हळूच विचारलं, "मॅडम, घरी काही गोड बातमी आहे का?"

"आहे," पट्टी म्हणाली. "तुझ्या किटलीला तोटी होणार आहे. कधी, ते तू सांग."

संध्याकाळी ती मला सगळं सांगायची. कोणाला काय विचारलं, कोण रुसलं, कोण म्हणालं की पैसे शिकायला भरलेत, प्रश्न ऐकायला नाही. सुरुवातीला कामं फार वाईट झाली. ती सांगताना तिला अक्षरशः कसंतरी व्हायचं. मी रोज सकाळी प्रार्थनेला बसते, तेव्हा तिच्यासाठी जागा मागितली नाही. तिचे हात आवर, एवढंच मागितलं.

मध्ये एकदा घसरलीच. ती किटलीवाली मुलगी मूठ करता करता रडकुंडीला आली, तेव्हा हिने सुया बाजूला ठेवल्या आणि मूठ स्वतः घडवून दिली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली, किटली टेबलावर ठेवली आणि शेजारी ती मूठ वेगळी ठेवली. कापून काढली होती.

"मॅडम, एवढं तुमचं आहे."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? घेतलं आणि पिशवीत टाकलं. मूठ छान होती गं." तिने ती काढून मला दाखवली. खरंच छान होती. आता माझ्या चमच्यांच्या खणाला तीच लावली आहे.

प्रदर्शनाला आम्ही दोघंही गेलो. लांब खोली, पांढरी टेबलं, त्यांवर किटल्या, स्टूल, पेट्या. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण एकही वस्तू शेजारच्या वस्तूसारखी नव्हती. एक स्टूल तर इतकं बुटकं आणि रुंद होतं, की यांना बसावंसं वाटलं. मी बाही धरून ओढलं. त्या मुलीच्या किटलीची मूठ जाडजूड, एका बाजूला झुकलेली होती. परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी ती किटली पाण्याने भरून उचलली, ओतली, मग डाव्या हाताने ओतली.

"मूठ अशी का?"

"माझी आई डावखुरी आहे," मुलगी म्हणाली. "आणि घरात चहा तीच ओतते."

पट्टी खोलीच्या टोकाला विणत उभी होती. त्या झुकलेल्या मुठीकडे बघून तिची बोटं थांबली, मग परत चालू झाली. मोठ्या मॅडम तिच्याजवळ गेल्या. मी मागेच होते, म्हणून ऐकू आलं.

"या वर्षी तुम्ही दिसला नाहीत कुठेच," त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष सुयांकडे गेलं. "हे काय होणार आहे?"

"मफलर. थांबायचं कुठे ते अजून ठरवलं नाहीये."

"थांबू नका. पुढची मुलं येताहेत. कायमच्या नेमणुकीचा कागद सोमवारी ऑफिसातून घ्या."

घरी आल्यावर यांनी तो मफलर जमिनीवर पसरला. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि कड कुठेही इकडची तिकडे नाही. "पट्टीने पट्टी विणली," हे म्हणाले. ती हसली, पण वाकून एक कोपरा सरळ केलाच. कारखान्याला नकार तिने त्याच संध्याकाळी कळवला. मी दिवा लावून हात जोडले.

करडी लोकर संपली आहे. उद्या सकाळी कॉलेजला जाताना ती वाटेतल्या दुकानातून निळ्या लोकरीचे दोन गुंडे आणणार आहे.