तीन घावांचा नियम

संगणकांच्या भंगाराच्या त्या शेडमध्ये तिला तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे घणाबाईच म्हणत. चौदा वर्षं तिचं काम एकच होतं. कार्यालयांतून, बँकांतून, दवाखान्यांतून आलेल्या जुन्या मशीनमधल्या डिस्क फोडायच्या. डिस्क म्हणजे मशीनची स्मरणशक्ती, तळहातात मावेल एवढी धातूची डबी. ती अख्खी बाहेर गेली तर कुणाचीही गुपितं कुणाच्याही हाती लागायची, म्हणून शेडचा नियम कडक होता. प्रत्येक डिस्कवर तीन घाव. पहिला झाकणाला, दुसरा आतल्या तबकडीला, तिसरा खात्रीला.

"पहिल्या घावात काही मरत नाही," कामावर नव्यानं आलेल्या बायकांना ती शिकवायची. "पहिल्या घावात फक्त समोरच्याला कळतं, की आपण आलोय."

दुसरा नियम खिशाचा. खाली पडलेली, कोपऱ्यात सापडलेली डिस्क एप्रनच्या खिशात टाकायची आणि पाचची घंटा झाली की खिसा ऐरणीवर उलटा करायचा. पडेल ते फोडायचं. फाटकावर रखवालदार सगळ्यांना चाचपून सोडायचा. हातोडी मात्र ती रोज घरी न्यायची. दांडा तिच्या पंज्याला बसला होता, दुसऱ्या कुणाच्या हातात गेला की तिला परकरात कुणी हात घातल्यासारखं वाटायचं.

नवरा बांधकामावर क्रेन चालवायचा आणि घरी आला की हात चालवायचा. त्याचीही एक पद्धत होती. आज मोडायचं आणि तिसऱ्या दिवशी नवं आणायचं. मिक्सर भिंतीवर आपटला, तिसऱ्या दिवशी नवा मिक्सर. दाराला लाथ घातली, तिसऱ्या दिवशी सुतार. येताना खोका काखेत आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू काही झालंच नाही. शेजारणी म्हणायच्या, माणूस तापट आहे, पण घरात काही कमी पडू देत नाही. तिचा दात पाडला तेव्हा मात्र नवा आणला नाही.

एकुलती एक लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून आणायची, तपासायची आणि आकडे तिच्या नेटबुकात भरायची. दोन वर्षांचे आकडे होते ते. सोमवारी प्रकल्प द्यायचा होता, तो हुकला तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की बाप म्हणणार, पुरे झालं शिक्षण. हे तिघांनाही ठाऊक होतं.

नेटबुक म्हणजे छोटा लॅपटॉप, तोही दहा वर्षांचा. पाटीएवढा पडदा, बिजागरीला रबर बांधलेलं. चालू व्हायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात घणाबाई लेकीची वेणी घालून मोकळी व्हायची.

"रविवारी नवीन घेऊ," नवरा म्हणाला. "मोठ्या पडद्याचा लॅपटॉप. कामावर सगळ्यांना सांगून बसलोय."

"बाबा, सोमवार तोंडावर आलाय," लेक म्हणाली. "नव्यावर सगळं बसवेपर्यंत वेळ जाईल. हेच जरा पळतं झालं तर…"

"भंगारवालीची पोर! भंगारातच जीव तुझा." त्यानं टेबलावर मूठ आपटली. पेला पडून फुटला. "मी सांगितलं ना, नवीन म्हणजे नवीन."

घणाबाई काचा गोळा करायला लागली. नव्याचं तिला कौतुक उरलं नव्हतं. दोन-दोन वर्षांची धडधाकट मशीनं ती रोज फोडत होती. त्यांचा गुन्हा एवढाच, की मागून त्यांच्याहून नवं आलं होतं.

शनिवारी सकाळी ती नेटबुक घेऊन शेडला लागूनच असलेल्या दुकानात गेली. दुरुस्ती करणाऱ्याला सगळे डॉक्टर म्हणत.

"ताई, खोटं बोलणार नाही," डॉक्टर म्हणाला. "मेमरी दुप्पट करतो, फिरती डिस्क काढून चिपवाली घालतो. म्हातारीला नवे गुडघे बसतील. पण वय तेच राहणार. वर्षभर ओढेल, पुढच्या शिक्षणाला नवंच घ्यावं लागेल."

"सोमवार गाठला तरी पुरे."

दुपारी डॉक्टरनं मशीन हातात दिलं आणि काढलेली जुनी डिस्क खाकी कागदात गुंडाळून दिली. "हिच्यातलं सगळं नवीत उतरवलंय. तरी ही महिनाभर जपा. नव्याचा भरवसा चार दिवस वापरल्यावर." कागदावर त्यानं लिहिलंही होतं, 'मुलीची. जपून.' घणाबाईनं नेटबुक डॉक्टरकडेच ठेवलं, संध्याकाळी जाताना न्यावं म्हणून. डिस्क मात्र जोखमीची, ती अंगावरच असू दे, असं म्हणून एप्रनच्या खिशात टाकली.

पाचची घंटा झाली. खिसा उलटा झाला. ठण्. ठण्. ठण्. तिच्या हाताला डोळ्यांना विचारायची सवय नव्हती. तिसऱ्या घावानंतर ऐरणीला चिकटलेला खाकी चिटोरा तिला दिसला. 'जपून' एवढंच त्यावर उरलं होतं.

ती तिथंच खाली बसली. बायकांना वाटलं, चक्कर आली.

घरी लेकीनं नेटबुक उघडलं आणि टाळीच वाजवली. "आई, बघ ना! आता वेणी घालायलासुद्धा वेळ मिळायचा नाही!"

"सगळं दुसरीकडे घेऊन ठेव आधी. त्या पेन ड्राइव्हवर."

"त्यावर मागच्या वर्षापर्यंतचंच आहे, भरलाय तो. उद्या मैत्रिणीचा आणते. आणि जुनी डिस्क आहेच की तुझ्याकडे."

 सांगावं म्हणून घणाबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

नवरा नव्या लॅपटॉपच्या दुकानात चौकशी करून आला होता, उद्या सकाळी मशीन उचलायचं ठरवून. त्यानं लेकीच्या मांडीवरचं नेटबुक पाहिलं.

"हे अजून इथं?"

"दुरुस्त करून आणलंय," घणाबाई म्हणाली. "आता चांगलं…"

पहिली थप्पड कानावर बसली. कानात शिट्टी वाजायला लागली. दुसरीनं ती भांड्यांच्या मांडणीवर जाऊन आदळली. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं.

"माझ्या शब्दाला घरात किंमत नाही? चार लोकांत माझं हसं करता?"

लेकीनं नेटबुक पोटाशी धरलं. त्यानं हिसकलं. ती सोडेना. त्यानं तिच्या पोटात गुडघा घातला, मशीन ओढून घेतलं आणि चालू मशीन तसंच भिंतीवर भिरकावलं. पडदा तडकला, बिजागरी तुटली, बटणं खोलीभर उडाली. खाली पडलं तशी त्यानं बुटाची टाच दिली. एकदा, दोनदा.

"बाबा, माझी दोन वर्षं आहेत त्यात!" लेक किंचाळली आणि त्याच्या पायावर जाऊन पडली. त्यानं तिची वेणी मुठीत धरली आणि तिला तुकड्यांवरून दाराकडे फरफटत नेलं.

हातोडीची पिशवी खुंटीवर होती. घणाबाईला आठवतही नाही, हातोडी हातात कधी आली. वेणी धरलेल्या मनगटावर घाव बसला. ऐरणीसारखा आवाज झालाच नाही. ओली काटकी मोडावी तसा झाला. मूठ सुटली. तो गुडघ्यांवर आला आणि लहान मुलासारखा ओरडला. तिचा हात दुसऱ्या घावासाठी आपोआप वर गेला होता.

"आई, नको!"

हात वरच राहिला. मग खाली आला, घाव न घालताच. नवरा मनगट छातीशी धरून भेलकांडत बाहेर पडला.

मग तिनं लेकीला सांगितलं. "जुनी डिस्क मी फोडली. माझ्या हातानं."

 लेक खाली बसली आणि तुकडे वेचायला लागली. रडली असती तर बरं झालं असतं.

घणाबाईनं स्क्रू काढून नेटबुकाचं पोट उघडलं. हजारो मशीनं तिनं उघडली होती, ती मारायला. चिपवाली डिस्क जागेवर होती. एक कोपरा दबलेला. तिनं ती पदरात गुंडाळली आणि सकाळपर्यंत पदर सोडला नाही.

डॉक्टर रविवारी दुकान उघडत नसे. दोघींचे चेहरे पाहून त्यानं काही न विचारता कुलूप काढलं, डिस्क स्वतःच्या मशीनला जोडली. घणाबाईनं पडद्याकडे पाहिलंच नाही. ती लेकीच्या बोटांकडे पाहत होती. बोटं थांबली. मग भराभर चालायला लागली.

"आहे," लेक म्हणाली. "आई, सगळं आहे."

"जुनी फिरती डिस्क आत असती ना ताई," डॉक्टर म्हणाला, "तर चालू असताना आपटल्यावर सुईनं तबकडी खरवडून काढली असती. हिच्यात खरवडायला काही नाहीच."

लेकीनं उरलेला प्रकल्प त्याच्याच दुकानात पुरा केला, पोट दाबून धरत, आणि सोमवारी दुपारी कॉलेजात नेऊन दिला.

सोमवारी संध्याकाळी, हिशेबानं तिसऱ्या दिवशी, नवरा दारात उभा होता. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या काखेत खोका. चेहऱ्यावर तेच हसू.

"आणला बघ. मोठ्या पडद्याचा."

"खोका ठेवा," घणाबाई म्हणाली.

त्यानं उंबऱ्याच्या आत ठेवला.

"आता निघा."

"कुठं?"

"भावाकडे होता ना दोन दिवस? तिथंच."

"अगं, झालं गेलं. हात तर माझा मोडलाय!" त्यानं पाय आत टाकला.

हातोडी फळीवर होती. तिनं उचलली नाही, फक्त दांड्यावर पंजा ठेवला. "शेडचा नियम तुम्हाला माहीत आहे. एक झालाय. दोन शिल्लक आहेत."

 तिच्या त्या नियमावर त्यानं मित्रांत किती विनोद केले होते. मग त्यानं पाय मागे घेतला. जिन्यात शिव्या देत उतरला, खालच्या दाराला लाथ घातली. तिनं कडी लावली, वर साखळीही लावली.

"परत येतील ते," लेक म्हणाली.

"येतील. उद्या कुलूप बदलू आणि चौकीत जाऊन लिहून देऊ."

"आणि याचं काय करायचं?" लेकीनं खोक्याला पायानं ढकललं.

"वापर. मशीननं काय केलंय?"

घणाबाई खोका उघडायला वाकली. चिकटपट्टीचं टोक काही तिला सापडेना.  शेवटी लेकीनंच तिचा हात बाजूला केला आणि पट्टी ओढली.